हवालदारांचे वीस टक्के

“चौदा!” आमच्या आत्तीनं, म्हणजे सासूबाईंनी, ओसरीवरनं आरोळी ठोकली. “माझ्या पोराच्या अंगात चौदा रगात भरलंय! मालन, गुळाची ढेप काढ. आळीत वाटायचाय गूळ!”

चौदा म्हणजे चौदा काय, शेर की लिटर, हे तिला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. पण तालुक्याच्या लॅबमधनं आलेल्या कागदावर ‘हवालदार हिंदुराव सणस’ असं छापलेलं होतं आणि खाली शाईनं चौदा लिहिलेलं होतं. मागं पलटणीत असताना ते आठ होतं, एवढं घरात सगळ्यांना पाठ होतं. आठाचे चौदा झाले म्हणजे आनंदच की. मी विळी घेतली आणि गूळ फोडायला बसले.

ही ब्याण्णव-त्र्याण्णव सालची गोष्ट. हवालदार म्हणजे माझे मालक. मी त्यांना तोंडावर ‘अहो’ म्हणते आणि मागं हवालदार. आसामकडच्या जंगलात त्यांच्या पोटात जंत झाले, वर आतड्याला जखम झाली, आणि आतल्या आत रक्त जाऊन जाऊन हा गडी एक दिवस परेडवर आडवा झाला. स्ट्रेचरवरनं नेलं म्हणे. अंगात रक्त आठ. बरेच महिने दवाखान्यात काढल्यावर मिलिटरीनं त्यांना घरी पाठवलं. नेहमीची पेन्शन दिली आणि वर वीस टक्के अपंगत्व लिहून त्याची जादा पेन्शन दिली. हात-पाय धड असलेला माणूस वीस टक्के अपंग कसा, हे आत्तीला कधीच पटलं नाही. पण त्या वीस टक्क्यांवर आमची वैजू साताऱ्याला हॉस्टेलवर राहून अकरावी सायन्स शिकत होती. आणि ते वीस टक्के कायमचे नव्हते. दर काही वर्षांनी मिलिटरी बोलवायची, डॉक्टरांचं बोर्ड बसायचं, माणूस बघायचं आणि नवा आकडा टाकायचं. वीसच्या खाली आकडा गेला की जादा पेन्शन बंद.

तर त्या साली बोलावणं आलं. ‘मेडिकल बोर्ड’ हे दोन शब्द ऐकले आणि आत्तीनं पदर खोचला.

आमच्या वाघजाईवाडीचं तुम्हाला सांगायला पाहिजे. घरटी एक माणूस मिलिटरीत. काही घरांत दोन. आमच्या गावात मेडिकल म्हणजे एकच, भरतीचं. पोराचं मेडिकल निघालं की त्याला कामातनं सोडवायचं, उन्हात जाऊ द्यायचं नाही, सकाळी दूध-केळी, दुपारी मटण, आणि आळीतल्या बायका ज्याच्या त्याच्या घरनं वाटी आणून देणार. आत्तीनं या रीतीनं स्वतःचा मुलगा, दोन दीर आणि एक भाचा भरती केला होता. तिच्या हाताखालचं पोरगं मेडिकलला कधी पडलं नव्हतं. मग काय विचारता! रोज सकाळी हळिवाचा लाडू. खजूर. काळे मनुके. बुधवारी नि रविवारी काळीज, तेही लोखंडी कढईत परतून. हळिवाचे लाडू आमच्यात बाळंतिणीला देतात. मिशीवाले हवालदार ओसरीवर बसून बाळंतिणीचा खुराक खायचे आणि शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

“खा, खा,” आत्ती म्हणायची, “साहेबानं नुसतं बघितलं की पास केलं पायजे.”

लाडू मी वळायची, काळीज मी परतायची, पण त्यातलं काही आम्ही बायका तोंडात टाकत नव्हतो. तो औषधाचा माल. नवऱ्याचं औषध कोण खातं का? मी आपली भाकरी आणि कोरड्यास. आणि एक माझी खोड होती, आता लपवून काय करायचंय. मला पाटीवरच्या पेन्सिली खाव्याशा वाटायच्या. वैजूची पाटी सुटून वर्षं झाली होती तरी दुकानातनं तिच्या नावावर पेन्सिली आणायची आणि चुलीपाशी बसून कुरूकुरू खायची. आत्तीनं एकदा धरलं. “या वयात डोहाळे लागलेत का गं तुला?” म्हणाली. मी लाजून मेले.

तर गूळ वाटून झाला आणि सुभेदार पोपटराव निकम आले. हे आमच्याच आळीतले, पेन्शनीत येऊन जमाना झालेला. मिलिटरीच्या कागदपत्राचं गावात काही निघालं की लोक त्यांच्याकडं जायचे. त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, “कशाचा?” म्हणून विचारलं, आणि आत्तीनं छाती काढून सांगितलं, “हिंदुरावाचं रगात चौदा झालं. आता मेडिकल पास.”

सुभेदारांचं चावायचं थांबलं. “किती?”

“चौदा!”

“आरं तुमच्या!” सुभेदार मटकन बसले. “आक्का, काय केलंत हे! ही भरती न्हवं, ही उलटी भरती हाय! यात पास झाला त्याची पेन्शन गेली. साहेब म्हणणार, गडी ठणठणीत झाला, काढा याचे वीस टक्के. दहा असतं तर काही बोलता आलं असतं. आठ असतं तर बोलायचीच गरज न्हवती. चौदा! चौदा तर माझंबी नसंल!”

आत्ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “म्हंजे माझ्या पोरानं मरतुकडं होऊन साहेबाम्होरं जायचं?”

“व्हय.”

“ते जमायचं न्हाई. सणसाच्या घरातनं असलं पोरगं जात न्हाई. आमच्यात खायला कमी हाय काय?”

हवालदार इतका वेळ मिशीला पीळ देत ऐकत होते. सुभेदार त्यांच्याकडं वळले. “हिंदुराव, बोर्ड आठ दिसांवर आलंय. खाणं तोड. दाढी वाढव. जिना चढताना धाप लागल्यागत कर. थोडं कण्हायचं, एवढंच.”

“सुभेदारसाब,” हवालदार म्हणाले, “वर्दीतल्या माणसापुढं मी नाटक करणार नाही. आहे ते आहे. साहेबांना वाटलं द्यावं तर देतील, नाही तर राहिलं.”

“आणि वैजू?” मी विचारलं.

त्यावर बोलली ती आत्ती, आणि तिचं बोलणं मला नको होतं. “पोरगी घरी आली तर येऊ दे. माझ्या भावाचा नातू हाय की. ट्रॅक्टर हाय त्याचा सोताचा. दिवाळीनंतर बार उडवून टाकू.”

बघा म्हणजे. वीस टक्के गेले की हॉस्टेल गेलं, हॉस्टेल गेलं की सायन्स गेलं, आणि सायन्स गेलं की ट्रॅक्टरवाला दारात उभा. मी सातवीत पहिली आले होते आणि आठवीला जायच्या आधी सणसांच्या घरात भाकऱ्या थापत होते. माझ्या पोरीचं मी तसं होऊ देणार नव्हते. कुणी काही म्हणो.

दुसऱ्या दिवशी मी भानुदास कंपाउंडरला निरोप धाडला. आमच्या गावात डॉक्टर आठवड्यातनं दोनदा यायचा, बाकीचे दिवस भानुदासच डॉक्टर. रक्त काढून बाटली एसटीनं लॅबला पाठवायचं कामही त्याचंच. तो सुई-बाटली घेऊन आला तेव्हा हवालदार रानात होते आणि आत्ती देवळात. मी तेवढंच बघून बोलावलं होतं.

“वहिनी, परवाच तर केली की तपासणी,” तो म्हणाला. “बोर्डाच्या पत्रात ताजा रिपोर्ट आणा म्हणलंय, तो आलाय. आता परत कशाला? आणि हवालदार कुठायत?”

मी हात पुढं केला. “माझं काढ. नाव त्यांचं घाल.”

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “वहिनी! माझी नोकरी जाईल!”

“भानुदास, तुझं लग्न कुणी जमवलं?”

“तुम्हीच.”

“तुझ्या बायकोला मी अजून सांगितलेलं नाही, तू आधी कुणाला बघून आला होतास आणि घरी काय सांगून आला होतास. सांगू का?”

त्यानं मुकाट्यानं रबर बांधलं. शीर सापडेना. इकडं टोचलं, तिकडं टोचलं. मी त्याला म्हटलं, घाबरू नको, माझ्यात काही चौदा निघणार नाही. माझा हिशोब साधा होता. एकाच घरातलं खाणं, एकाच विहिरीचं पाणी. बाईमाणसाचं म्हणून जरा कमी भरेल, दहा-अकरा. तेवढ्यावर सुभेदारांच्या म्हणण्याप्रमाणं बोलायला जागा होत होती.

दोन दिवसांनी भानुदास कागद घेऊन आला तो पांढरा पडून. “वहिनी, लॅबवाला म्हणतो काही तरी चुकलंय. परत बाटली पाठवा म्हणतो.”

मी कागद बघितला. पाच पॉइंट दोन.

काय सांगू तुम्हाला, मी तो कागद कपाळाला लावला. “चुकलं बिकलं काही नाही. देवानं ऐकलं. आठाला वीस टक्के देतात तर पाचाला चाळीस तरी देतील की रे!”

“पण वहिनी, रक्त तर तुमचं—”

“गप बस. चहा घेतोस का?”

चहा न घेताच गेला बिचारा. मी हवालदारांच्या फायलीतला चौदाचा कागद काढून चुलीत घातला आणि त्या जागी पाचाचा लावला. हवालदारांना फाईल उघडायची सवय नव्हती. दोरी बांधलेली फाईल ते तशीच साहेबाच्या टेबलावर ठेवायचे, कवायतीत शिकवल्यासारखी सरळ.

बोर्डाला मीही निघाले. वाटेत साताऱ्याला वैजूला भेटू, असं सांगितलं. खरं कारण फाईल. ऐनवेळी हे काही उलटसुलट करतील म्हणून डोळ्यासमोर असलेली बरी. आत्तीनं जाताना हळिवाच्या लाडवांचा डबा दिला. हवालदारांना नव्हे, साहेबांना. “म्हणावं, आईनं दिलंय,” म्हणाली.

पुण्यातलं ते मिलिटरीचं हॉस्पिटल म्हणजे एक गावच. बोर्डाची खोली वरच्या मजल्यावर. हवालदार पॉलिश केलेले बूट वाजवत पुढं, आणि मी पिशवी, डबा, पाण्याची कळशी म्हणाल तर नव्हती, बाकी सगळं घेऊन मागं. जिन्यात मी दोनदा बसले. कानात नुसतं भणभणत होतं.

“चल की लवकर,” हे वरनं म्हणाले. “साहेब वाट बघत नसतात.”

“येते हो. चपलेत खडा गेलाय,” मी म्हटलं. खडा बिडा काही नव्हता.

सकाळी त्यांच्या लॅबमध्ये हवालदारांचं रक्त घेतलं. आपण कागद दिल्यावर हे लोक स्वतः कशाला काढतील, असं मी धरून चालले होते. आता फाईल काढून घ्यावी म्हटलं तर ती आधीच आत गेलेली. मी मनातल्या मनात वाघजाईला नारळ बोलले. एक पुरणार नाही म्हणून पाच बोलले.

दुपारी नाव पुकारलं. मी दाराबाहेरच्या बाकावर. दाराला पडदा होता, त्यामुळं आतलं सगळं ऐकू येत होतं. आत तीन डॉक्टर. मधले कर्नलसाहेब पंजाबी, आवाज असा की पडदा हलावा.

“हवालदार,” ते म्हणाले, “तुम जिंदा हो?”

“जी साब!”

“इस कागज के हिसाब से तो नहीं हो.”

मग कर्नलसाहेब परत बोलायला लागले आणि त्यांचा आवाज आता मघासारखा नव्हता. आमच्या लॅबमध्ये चौदा, बाहेरच्या कागदावर पाच. पाचाचा माणूस असे बूट आपटत नाही. हा खोटा कागद आहे. सरकारला फसवणं म्हणजे काय माहीत आहे का? यावर केस होते. वीस टक्केच काय, पूर्ण पेन्शन जाईल.

“साब, ये कागज मैंने देखा नहीं,” हवालदार म्हणाले.

“तो फाइल में उड के आया?”

“मालूम नहीं साब.”

हवालदारांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. सतरा ठिकाणी बदली झाली, घरी बाप वारला तेव्हा रजा मिळाली नाही, तरी हा माणूस असा बोलला नव्हता. मला राहवेना. मी पडदा बाजूला सारला आणि लाडवांच्या डब्यासकट आत शिरले.

“साब, वो खून मेरा है!” मी ओरडले. “चोरी का नहीं है! मेरे अंग का है!”

हवालदार सावधानमध्ये उभे होते, मान वळवायची सोय नव्हती, पण डोळे तेवढे माझ्याकडं वळले. मी एका दमात सगळं सांगितलं. भानुदास, बाटली, हॉस्टेल, ट्रॅक्टरवाला, सगळं. भानुदासचं नाव मात्र बदलून सांगितलं. म्हटलं, जेलमध्ये घालायचं तर मला घाला, यांना काही माहीत नाही, हे तर बावळट आहेत.

कर्नलसाहेब हसावं की ओरडावं या विचारात. पण त्यांच्या उजव्या बाजूला एक डॉक्टरीणबाई होत्या, मेजर काळमेघ, अमरावतीकडच्या. त्या हसल्या नाहीत. त्या उठून माझ्यापाशी आल्या आणि अंगठ्यानं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली.

“बसा,” त्या म्हणाल्या.

“मी बरी आहे.”

“बसा म्हणते ना!”

बसले. त्यांनी नखं बघितली, जीभ बघितली. “जिना चढताना दम लागतो?”

“लागतो की. बाईमाणसाला लागतोच.”

“चक्कर?”

“उन्हात येते. सगळ्यांनाच येते.”

“माती, खडू, असलं काही खावंसं वाटतं का?”

मी चरकले. “तुम्हाला कुणी सांगितलं? आत्तीचं पत्र आलंय का?”

“महिन्याची पाळी किती दिवस असते?”

आता तीन पुरुषांसमोर हे काय सांगायचं? मी मान खाली घालून पुटपुटले. त्या खाली वाकल्या, मी त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी सरळ होऊन कर्नलसाहेबांकडं बघितलं आणि इंग्रजीत काही तरी बोलल्या. कर्नलसाहेबांचा चेहरा बदलला.

“किती दिवसांपासनं असं आहे?” मेजरबाईंनी विचारलं.

“असं म्हणजे कसं? मला तर वाटलं चाळिशी आली की असंच असतं.”

तेव्हा हवालदार बोलले. साहेबांनी बोल म्हटलेलं नसताना हवालदार बोलले, हे मी पहिल्यांदा बघितलं.

“मॅडम, हे सगळं मला होत होतं,” ते म्हणाले. “हीच धाप. हीच चक्कर. मला आठवर स्ट्रेचरवरनं नेलं. ड्युटी बंद केली. गरम दूध पलंगावर आणून द्यायचे.” मग ते माझ्याकडं वळले. “आणि तू पिशव्या घेऊन जिना चढलीस?”

“मग कुणी घ्यायच्या?” मी म्हटलं. “मेडिकल तुमचं होतं.”

त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला. त्याचं काय करायचं ते न कळून साहेबांच्या टेबलावर ठेवला, अगदी सरळ.

कर्नलसाहेबांनी पाचाचा कागद उचलला, त्यावरचं नाव पेनानं खोडलं आणि मेजरबाईंच्या हातात दिला. “जिसका खून, उसका कागज,” म्हणाले. केस बिसचं नाव पुन्हा काढलं नाही. मला नेऊन बायकांच्या वॉर्डात टाकलं, अंगात हिरवा झगा घातला, आणि मेजरबाई म्हणाल्या, हिला आजच रक्त चढवायला पाहिजे.

आता यापुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. मी पडले होते वॉर्डात. हे मला दुसऱ्या दिवशी मेजरबाईंनी सांगितलं, आणि सांगताना त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची घ्यावी लागली.

झालं असं की माझा ग्रुप बी पॉझिटिव्ह. त्यांच्या फ्रिजमध्ये त्या ग्रुपची एकच बाटली उरलेली, मला दोन तरी लागणार. हवालदार तडक ब्लड बँकेत गेले आणि बाही वर करून उभे राहिले. त्यांचाही ग्रुप तोच, मिलिटरीवाल्यांना तो पाठ असतो. तिथला क्लार्क म्हणाला, “नाव?” यांनी सांगितलं. त्यानं यादी बघितली. “तुम्ही तर आज बोर्डावर आहात. आजार, ॲनिमिया. ॲनिमियावाल्याचं रक्त आम्ही घेत नाही.”

“अरे बाबा, सकाळीच चौदा निघालंय!”

“ते मला काय सांगता? बोर्डाकडनं फिट म्हणून लिहून आणा. मग एक काय, दोन बाटल्या घेतो.”

आणि इकडं बोर्डाच्या खोलीत काय चाललं होतं? मेजरबाईंनी कर्नलसाहेबांची समजूत घातली होती. आतड्याची जखम जुनी आहे, पुन्हा उघडू शकते, रक्त आज चौदा असलं तरी उद्याचं काय सांगता येतं, पोरगी शिकतेय, राहू द्या वीस टक्के. कर्नलसाहेब हुं म्हणाले आणि त्यांनी वीस लिहिलंसुद्धा. सही तेवढी राहिली होती. माझा खोटा कागद उघडा पडला, तरी वैजूचं हॉस्टेल वाचलं होतं. मला तिकडं पलंगावर ते ठाऊकच नव्हतं.

तेवढ्यात पडदा उडवून हवालदार आत. सलाम ठोकून म्हणाले, “साब, मुझे फिट लिखिए!”

कर्नलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. “पागल हो गए हो? अभी तो बीस लिखा है तुम्हारे लिए.”

“काटिए साब.”

“बीस कट गया तो पैसा बंद. समझते हो?”

“जी साब. समझता हूं.”

मेजरबाईंनी त्यांना समजावलं. म्हणाल्या, अहो, उद्या सकाळपर्यंत दुसरा कुणी रक्त देणारा शोधू, आज एका बाटलीवर निभावून नेऊ. हवालदार म्हणाले, “मॅडम, ती पाचावर आहे. मी आठावर होतो तेव्हा रात्रभर मला वाटायचं, सकाळ होते की नाही. तिला अजून एक रात्र मी पाचावर ठेवणार नाही. माझ्या अंगात चौदा आहे, ते सगळं तिनंच भरलंय, स्वतः न खाता. मला फिट लिहा.”

कर्नलसाहेब मेजरबाईंना म्हणाले, की या खुर्चीत बसून मला इतकी वर्षं झाली, रोज लोक येतात आणि एक टक्का वाढवा म्हणून रडतात. फिट लिहा म्हणून ओरडणारा हा पहिलाच. त्यांनी वीस खोडलं, सही केली, कागद हातात दिला आणि हवालदार गेल्यावर डबा उघडून एक हळिवाचा लाडू तोंडात टाकला.

पुढं हवालदार साखर कारखान्याच्या गेटवर शिट्टी घेऊन उभे राहिले, वैजू बारावी होऊन फार्मसीला गेली, ट्रॅक्टरवाल्यानं दुसरीकडं लग्न केलं आणि आता आमच्याच शेतात नांगरट करून जातो. पण त्या संध्याकाळी हे मला कुठून ठाऊक असणार? मी पलंगावर पडलेली, वर बाटली टांगलेली, नळीतनं लाल थेंब खाली येतोय, आणि हवालदार शेजारच्या स्टुलावर दंडाला कापूस लावून बसलेले. मिळालेले वीस खोडून, सकाळपर्यंत न थांबता फिट लिहून घेतल्याचं त्यांनी मला तेव्हाच सांगितलं, आणि मी जी पेटले!

“काय केलंत हे!” मी ओरडले. सिस्टर धावत आली तरी माझं तोंड थांबेना. “मिळालेले वीस टक्के घालवलेत? मी एवढं सगळं कशासाठी केलं? जेलमध्ये जायची वेळ आली माझ्यावर! एक रात्र तर थांबायचं होतं. मी काय मरत होते? इतकी वर्षं मेले नाही ती आज रात्रीच मरणार होते का? आता वैजूचं काय? हॉस्टेलला काय सांगायचं?”

हवालदारांनी बाटलीकडं बघितलं. थेंब पडतोय ना ते नीट बघितलं. मग माझ्या अंगावरची चादर सारखी केली.

“गप पड,” ते म्हणाले. “हॉस्टेलचं मी बघतो. पण सुट्टी लागल्यावर पोरगी घरी कुणाकडं आली असती?”